पिशवी ज्याच्या हातात

७ जानेवारी

आज दिवसभर साबण हुंगले. मोठं होऊन सरकारी पगारावर साबण हुंगायचे आहेत, असं लहानपणी कुणी सांगितलं असतं तर मी एवढा अभ्यास केलाच नसता. नियम असा, की बिनवासाचा साबण म्हणजे गरज, त्यावर कर नाममात्र. वासाचा साबण म्हणजे चैन, त्यावर सणसणीत. आता एका कंपनीच्या साबणाला वास आहे आणि कंपनी म्हणते, नाही. म्हणून आम्ही कर-दर विभागातली शहाणीसुरती माणसं टेबलाभोवती बसून एकेक वडी नाकाला लावत होतो. आमच्या प्रमुख मोठ्या बाईंना सर्दी झालीय, त्यामुळे त्यांच्या मते कशालाच वास नव्हता. शेजारच्या टेबलावरचे शंकासुर (नाव मीच ठेवलंय, "पण" म्हटल्याशिवाय त्यांना घास गिळवत नाही) म्हणाले, "वास आहे, पण तो चैनीचा आहे का, हा खरा प्रश्न आहे."

मी वडी आपटली. म्हटलं, "पुरे झालं! सगळ्यावर एकच दर लावा. पीठ, दूध, साबण, अत्तर, सगळं बारा टक्के. आणि जमलेल्या पैशातून माणशी सारखी रक्कम दर महिन्याला घरोघर परत पाठवा. सुंठीवाचून खोकला जाईल."

"पण गरिबाच्या दुधावर कर?"

"दुधाला माफी दिलीत तर सगळ्यात जास्त माफी कुणाला? सगळ्यात जास्त दूध घेणाऱ्याला. ते कोण? टेकडीवरच्या बंगल्यांतले, मांजरालाही सायीचं पाजणारे. गरिबाला मदत करायचीय ना? मग त्याच्या हातात पैसे द्या, दुधाच्या किमतीत कशाला लपवता?"

हे मी किती वर्षं ओरडतेय. आज मोठ्या बाई शिंकल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. करून दाखवा." मी तीनदा विचारलं, खरंच का म्हणून.

कचेरीसाठी वेगळी नोंदवही आहेच, तिच्यात सभ्य भाषेत लिहीन. ही माझी. डबा खाऊन झाला की लिहायची.

१० जानेवारी

ठरलं. फेब्रुवारीपासून सहा महिने, फक्त नदीच्या अलीकडच्या भागात, म्हणजे मी राहते त्याच. भाग मीच सुचवला. जे करायचं ते आधी स्वतःच्या घरावर, नाहीतर लोक तोंडावर बोलतील. जमलं तर सगळीकडे लागू. फसलं तर योजना कपाटात आणि मी निवृत्तीपर्यंत साबणांत.

रात्री जेवताना घरी सांगितलं. घरी म्हणजे लेक आणि सासरे. नवरा धरणाच्या कामावर, महिन्यातून एकदा उगवतो. बाबा, म्हणजे सासरे, बस डेपोत मेकॅनिक होते. सासूबाई गेल्यापासून बाजारहाट आणि स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आहे, आणि तिथे माझी लुडबुड त्यांना खपत नाही. मी पहिल्या तारखेला घरखर्चाचे पैसे फडताळातल्या डब्यात ठेवते, की माझं काम संपलं.

बाबांनी विचारलं, "म्हणजे दूध-पीठ महागणार?"

"हो, पण पैसे परत येणार."

"कुणाला?"

"घराला."

"घराला," असं म्हणून ते भांडी आवरायला लागले. बाबांना कुठलीही गोष्ट चटकन कळते. कचेरीत अशी माणसं असती तर बरं झालं असतं.

२२ जानेवारी

पैसे कुणाच्या नावावर पाठवायचे, यावर बैठक. शंकासुर म्हणाले, "घराला बँकेत खातं नसतं." जेवणाची वेळ झाली होती. मी म्हटलं, घराच्या रेशनकार्डावर ज्याचं नाव पहिलं, त्याच्या खात्यात. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि डबे उघडले. वर्षानुवर्षं रखडणारी गोष्ट पाच मिनिटांत निकाली! इच्छा असली की सगळं होतं.

१ फेब्रुवारी

सुरू झालं!

कार्डावर आमच्या घरी पहिलं नाव माझं. पैसे माझ्या पगाराच्या खात्यात आले, ते मी मुद्दाम बघितलं म्हणून कळलं, नाहीतर पत्ताही लागला नसता. इतकं सुरळीत. डब्यात नेहमीची रक्कम ठेवली आणि उड्या मारत कचेरी गाठली.

१९ फेब्रुवारी

बाबांनी दाढी वाढवायला घेतलीय! आयुष्यभर रोज सकाळी रेडिओ लावून, फेस काढून, गुळगुळीत दाढी करणारा माणूस. गालावरून हात फिरवून "बघ, काच!" म्हणणारा. विचारलं तर म्हणाले, ब्लेडने खाज येते. मी म्हटलं, शोभतेय तुम्हाला, ऋषीच दिसताय. ते हसले. या वयात हौस सुचली तर सुचू दे की.

५ मार्च

लोक पूल ओलांडतायत. पलीकडे जुने दर, दूध-पीठ स्वस्त. म्हणून आमच्या भागातली माणसं पिशव्या घेऊन उन्हातून पुलापलीकडे जातात आणि दोन्ही हातांना वळ पाडून परत येतात. अरे, पण तुम्हाला पैसे परत मिळाले ना? महागाईचा फरक निघून वर चार पैसे उरतील एवढे मिळाले! साधा हिशेब. घरी येऊन मी खूप चिडचिड केली. म्हटलं, लोकांना बेरीज-वजाबाकी येत नाही, त्याला मी काय करू?

बाबा भाजी निवडत होते. म्हणाले, "येत नसेल एखाद्याला."

१८ मार्च

बाबा हल्ली बिनदुधाचा चहा पितात. दुधाने पोट जड होतं म्हणे. वर्तमानपत्र बंद केलंय, वाचनालयात जाऊन वाचतात, पाय मोकळे होतात म्हणून. तब्येतीची किती काळजी घ्यायला लागलेत. मी त्यांना म्हटलंसुद्धा, तुमच्याकडून शिकायला पाहिजे.

लेक भडकली. "आई, तुला खरंच काही दिसत नाही का गं?"

मी नीट बघितलं. तिने केस कापलेत. छान दिसतायत म्हटलं, तर दार आपटून गेली. पंधराव्या वर्षी आईचं काहीच आवडत नसतं.

७ एप्रिल

शंकासुर स्वतः तीन दिवस पुलावर उभे राहून आले. म्हणाले, "जाणाऱ्यांत बायकाच जास्त. काही म्हातारेही. पण का, ते कळेना." त्यांचं नाक उन्हाने सोलवटलंय. माझ्या योजनेचा सगळ्यात मोठा विरोधक माझ्या योजनेपायी उन्हात तापत उभा राहतो. विचित्रच माणूस आहे.

मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. आमच्याकडचे दुकानदार रोज त्यांच्या दारात. "महिनाअखेर काही बदल दिसला नाही तर मला हे बंद करावं लागेल," म्हणाल्या. आवाज मऊ होता, त्यानेच जास्त लागलं. डबा तसाच परत नेला. मला हे फसायला नकोय. कुणाला सांगायचं? इथेच लिहिते. मला हे फसायला नकोय.

२० एप्रिल

आज बरंच लिहायचंय. 

बाबांना काल ताप चढला. आज सुट्टी होती, म्हणून बाजाराला मी गेले. डब्यातले पैसे घेतले, बाबांची कापडी पिशवी घेतली. योजना सुरू झाल्यापासून किराणा दुकानात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. दर मी ठरवले आणि दुकानात गेले नव्हते.

पीठ, तेल, दूध, कपड्यांचा साबण, लेकीच्या वह्या. दुकानदाराने बेरीज केली. महिना संपायला दहा दिवस बाकी आणि डब्यातले पैसे पुरेनात. मला वाटलं, याचं काहीतरी चुकलंय. मीच परत बेरीज केली. बरोबर होती.

दुकानदार म्हणाला, "राहू द्या ताई. काय काढून ठेवू? बाबांचंही असंच होतं. ते शेवटी त्यांचं स्वतःचं काढून ठेवतात."

"त्यांचं म्हणजे?"

त्याने गल्ल्याखालून दाढीच्या क्रीमची नळी काढून दाखवली. "फेब्रुवारीत घेतली होती, मग परत ठेवली. म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. मी त्यांच्यासाठी बाजूला ठेवलीय. त्यांची खारी बिस्किटं पण बंद आहेत. आणि ताई, आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एकटे तेच आहेत हं, जे पुलापलीकडे जात नाहीत. कुणी तुमच्या योजनेला नावं ठेवली की भांडतात इथे. माझ्या सुनेने विचार करूनच केलंय म्हणतात."

मी नळी हातात घेतली. किंमत बघितली. वासाची वस्तू, आधी चैनीत होती, एकच दर आल्यावर चक्क स्वस्त झालेली. बाजाराच्या यादीत स्वस्त झालेली एकच गोष्ट, आणि तीच त्यांनी सोडली.

मागे रांगेत पलीकडच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई उभी होती. मी तिला विचारलं, "तुम्हाला पैसे परत मिळतात ना दर महिन्याला?"

"यांच्या खात्यात येतात म्हणे," ती म्हणाली. "पिशवी माझ्या हातात. मागितले तर म्हणतात, कसले पैसे? म्हणून मी जाते पुलावरून. नाहीतर पोरांच्या दुधात पाणी घालायची पाळी येईल."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लोकांना हिशेब येत होता. मलाच येत नव्हता. घराला पैसे मिळाले म्हणजे घरात सगळ्यांना मिळाले, हे मी कशावरून ठरवलं? जेवणाची वेळ झाली होती यावरून!

घरी गेले. बाबा पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाबा, दाढी का वाढवलीत?"

"खाज येते गं."

"बाबा."

त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाले, "डब्यातलं पुरत नव्हतं."

"मग मागायचं नाही? मी परकी आहे का? एरवी मिठाचा खडा कमी पडला तर दहा वेळा ऐकवता!" आजारी माणसावर मी अशी ओरडले. लेक दारात येऊन उभी राहिली.

"तू रोज येऊन सांगायचीस, लोकांना बेरीज येत नाही. म्हटलं, मलाही येत नसेल. आणि दुसरं म्हणजे," ते उठून बसले, "तुझ्या घरातूनच बोंब उठली असती तर तुझं काय राहिलं असतं? किती वर्षं घोकतेयस ते."

"मग निदान पूल ओलांडायचा."

"सुनेचा प्रयोग आणि सासरा पुलापलीकडे? शोभलं असतं का?"

मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसून रडले. चांगली मोठ्याने रडले. बाबा म्हणाले, "अगं, एवढं काय, दाढी तर आहे," आणि त्यांना खोकला आला. लेकीने पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी केसांबद्दल बोलतच नव्हते."

२१ एप्रिल

सकाळी सगळे परत आलेले पैसे बाबांच्या हातात ठेवले. नळीही दिली. ते म्हणाले, "नळी ठेव. आधी तुझं काम निस्तर." म्हणजे आता दाढीवरून माझी परीक्षा.

कचेरीत शंकासुरांना सगळं सांगितलं, बाबांच्या बिनदुधाच्या चहापर्यंत. मला वाटलं, आता हे म्हणणार, मी सांगत नव्हतो? ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "माझी आईही पुलावरून जायची. म्हणजे दुसऱ्या पुलावरून, दुसऱ्या कारणाने. पण पिशवी तिच्या हातात आणि पैसे वडिलांच्या खिशात, तेच." आणि कागद पुढे ओढला.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी नवा मसुदा केला. दर एकच राहील. पण पैसे कार्डावरच्या पहिल्या नावाला नाहीत, जो बाजार करतो त्याला. शंकासुर म्हणाले, "पण नवरे खोटं सांगतील." म्हणून नोंदणी घरी नाही, किराणा दुकानाच्या गल्ल्याशी करायची. पिशवी घेऊन जो येईल त्याचं नाव.

२९ एप्रिल

मोठ्या बाईंसमोर बैठक. आकडे मांडले तेव्हा कुणी मान वर केली नाही. मग मी म्हटलं, "एका घराची गोष्ट सांगते," आणि दाढीची गोष्ट सांगितली. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "कोणाचं घर हे?"

"माझं."

कुणी हसलं नाही. बाईंनी उरलेले तीन महिने दिले. जिना दोन-दोन पायऱ्या करत उतरले.

६ मे

नोंदणीचा पहिला दिवस. मी सकाळी दुकानावर गेले आणि कपाळावर हात मारला. जन्मात कधी पिशवी न धरलेले पुरुष कोऱ्या करकरीत पिशव्या घेऊन रांगेत! एकाच्या पिशवीला किमतीची चिठ्ठी लटकत होती. मागून बायका येऊन त्यांना बघून कमरेवर हात ठेवून उभ्या. शंकासुरांचं "पण" खरं ठरलं.

बाबाच पुढे झाले. ताप उतरलाय, आवाज परत आलाय. दुकानदाराशेजारी स्टूल टाकून बसले आणि पहिल्या गृहस्थाला विचारलं, "तुमच्या घरी कपड्यांना कुठला साबण लागतो?"

तो विचार करून म्हणाला, "पांढरा."

रांगेत हशा पिकला. दुसऱ्याला विचारलं, महिन्याला तेल किती? तो म्हणाला, "लागेल तेवढं." तिसरा प्रश्न ऐकायच्या आधीच निघून गेला. पण एका तरुण गड्याने मिठापासून काडेपेटीपर्यंत धडाधड सांगितलं. बायको आजारी आहे म्हणाला, दोन वर्षं सगळं तोच बघतो. बाबांनी उठून त्याच्याशी हात मिळवला. शिवणकामवाल्या बाईचं नाव लिहून झालं तेव्हा तिने ते तीनदा वाचून घेतलं.

नियमात असे प्रश्न विचारायची तरतूद नाही. शंकासुर शेजारी उभे होते. म्हणाले, "नाही, पण मनाईही नाही."

१ जून

आज पैसे बाबांच्या नावावर आले. बँकेतून परत येताना खारी बिस्किटं घेऊन आले आणि कुणाला न विचारता चहात दूध ओतलं. माझ्याकडे बघितलं, आणखी थोडं ओतलं. मी बिस्किटांची पुडी त्यांच्याकडे सरकवली.

२३ जून

पुलावरची गर्दी ओसरली. शंकासुर परत तीन दिवस उभे राहिले. या वेळी मी त्यांना टोपी दिली होती. म्हणाले, "पलीकडे जाणारे आता फार तर चपला घ्यायला जातात." दुकानदारांचं मोठ्या बाईंच्या दारातलं ठाणंही उठलं. शिवणकामवाली बाई रस्त्यात भेटली. तिने दुधाचा रतीब वाढवलाय, आणि नवऱ्याला दर महिन्याला चहाला पैसे देते म्हणाली. "मागतो बिचारा," असं म्हणून खो खो हसली.

३१ जुलै

मंजूर. आधी आणखी तीन भागांत, मग सगळीकडे. एकच दर, आणि पैसे पिशवी ज्याच्या हातात त्याला. मोठ्या बाईंनी सही केली आणि टेबलाच्या खणातून ती वादाची साबणाची वडी काढून मला भेट दिली. शंकासुर "मान्य" म्हणाले. मी वाट बघितली. ते नुसतंच मान्य होतं.

घरी फोन करून कळवलं आणि धावत आले, तर न्हाणीघरातून रेडिओचा आवाज. बाबा बाहेर आले. गाल गुळगुळीत, हनुवटीवर कापलेलं, अख्ख्या घरात क्रीमचा वास. "बघ, काच!" म्हणाले. लेक म्हणाली, दाढीच बरी होती. मी मात्र त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "बाबा, एक वचन द्या. यापुढे काही खुपलं तर पहिली बोंब तुम्ही मारायची. माझ्या तोंडावर."

"आत्ता मारू?"

"मारा."

खुर्ची ओढून बसले. घसा खाकरला. "लिहून घे. दुधावर बारा टक्के मला पटलेलं नाही. पैसे परत देता ते ठीक, पण दूध ही काय चैन आहे? आणि बिनवासाच्या साबणावर? हात धुणं ही चैन आहे? या दोघांना तरी सूट द्या."

"बाबा, एकदा साबणाला सूट दिली ना, की परत वासाचा कुठला आणि बिनवासाचा कुठला, हे आलंच. मग जन्मभर हुंगत कोण बसणार?"

"मी येतो की," बाबा म्हणाले. "रिकामाच असतो. नाक शाबूत आहे माझं."

मी तक्रार शब्दन् शब्द उतरवून घेतली आणि त्यांना वाचून दाखवली. एक शब्द त्यांनी बदलायला लावला. "ठीक" खोडून "बरं आहे" लिहायला सांगितलं. सोमवारी ही मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवणार आहे, खाली त्यांची सही आहे.